जर्मन छत्रीसैनिक: रायफलीची दंतकथा आणि क्रीटचे वास्तव

१/८
जर्मन छत्रीसैनिक म्हटले की आपल्याकडच्या अनेक युद्धेतिहासप्रेमींच्या डोळ्यांपुढे एकच चित्र उभे राहते: ‘एफजी ४२’ रायफल घेऊन आकाशातून उतरणारा अजिंक्य योद्धा. हे चित्र चुकीचे आहे. ही चूक रायफलीच्या तारखेपासून सुरू होते आणि एका ग्रीक गावाच्या ऑलिव्हबागेपर्यंत पोहोचते.

२/८
२० मे १९४१. क्रीट बेटावर जर्मनीने हवाई मार्गाने आक्रमण केले. तेव्हा एफजी ४२ अस्तित्वातच नव्हती. जर्मन छत्रीचे दोर पाठीवर एकाच ठिकाणी जोडलेले असत. सैनिकाला दिशा बदलता येत नसे आणि तो हातागुडघ्यांवर आदळत असे. त्यामुळे लांब शस्त्र अंगावर घेऊन उडी मारणे धोक्याचे होते.

३/८
परिणामी बहुतेकांजवळ पिस्तूल, हातबॉम्ब व चाकू एवढेच असे. काहींजवळ ‘एमपी ४०’. रायफली व मशीनगन वेगळ्या पेट्यांतून टाकल्या जात. पेटी सापडेपर्यंत हा ‘अजिंक्य योद्धा’ जवळजवळ निःशस्त्र! मालेमेजवळ न्यूझीलंडच्या सैन्यावरच उतरलेल्या एका बटालियनमधील सुमारे ६०० पैकी ४०० च्या आसपास सैनिक मारले गेले.

४/८
“मग एबेन-एमाएलचे काय?” प्रश्न रास्त आहे. १० मे १९४० रोजी बेल्जियमचा तो किल्ला ऐंशीएक सैनिकांनी निकामी केला. पण ते ग्लायडरमधून उतरले आणि त्यांनी तोफांचे घुमट विशेष स्फोटकांनी फोडले. शत्रू बेसावध होता. क्रीटमध्ये मात्र ब्रिटिशांनी जर्मन संदेश आधीच उकलले होते.

५/८
क्रीट पडले ते मालेमेची धावपट्टी हाती आल्यावर विमानांनी आणलेल्या पर्वतीय सैन्याच्या बळावर. जर्मनांचे साडेतीन हजारांहून अधिक सैनिक मृत वा बेपत्ता झाले. हिटलरने एवढ्या प्रमाणावर असा प्रयोग पुन्हा होऊ दिला नाही. एफजी ४२ आली ती यानंतर, आणि तीही सात हजारांच्या आसपासच बनली. बहुसंख्य छत्रीसैनिक पायदळाच्याच नेहमीच्या शस्त्रांनी लढले.

६/८
त्यांची भूमिकाही पायदळाचीच झाली. १९४४ मध्ये मोंते कासिनोच्या ढिगाऱ्यांत ते चिवटपणे लढले, हे मान्यच. पण त्यांच्यासमोर चौथी भारतीय डिव्हिजन होती. नवव्या गुरखा रायफल्सच्या पहिल्या बटालियनने मार्चमध्ये ‘हँगमन्स हिल’ आठवड्याहून अधिक काळ धरून ठेवली. त्यांचे कौतुक आपल्याकडे किती जण करतात?

७/८
आता ती ऑलिव्हबाग. क्रीटच्या नागरिकांनी हाती लागेल त्या शस्त्राने प्रतिकार केला. ३१ मे १९४१ रोजी जनरल कुर्ट श्टुडेंट याने सूडाचा आदेश काढला. २ जूनला कोंडोमारीच्या पुरुषांना बागेत नेऊन छत्रीसैनिकांनी गोळ्या घातल्या. जर्मन छायाचित्रकारानेच टिपलेली ती दृश्ये आज उपलब्ध आहेत. दुसऱ्याच दिवशी कांडानोस गाव उद्ध्वस्त करण्यात आले.

८/८
शस्त्रांचा अभ्यास अवश्य करावा. मीही त्याच ओढीने इतिहासाकडे वळलो. परंतु शस्त्र कोणाच्या हाती होते आणि कोणावर रोखले होते, हे वगळले की अभ्यासाची जागा भक्ती घेते. एफजी ४२ च्या मॅगझिनमध्ये २० गोळ्या बसतात हे ज्याला पाठ आहे, त्याला कोंडोमारी हे नावही पाठ असले पाहिजे.