बाईनं गावं, पण ऐकू नये?

आपल्या भागात बाई स्टेजवर चालते, स्टेजसमोर चालत नाही. निमगाव केतकी, इंदापूर, बारामती या पट्ट्यात जत्रा असो की पुढाऱ्याचा वाढदिवस, नाचगाण्याचा कार्यक्रम ठरलेला. वर गाणारी-नाचणारी बाई आणि समोर सगळे बाप्ये. गावातल्या बायका घरात, फार तर माडीवरून डोकावणार. बाईच्या गाण्यावर शिट्ट्या पडतात, पैसा उधळला जातो आणि बदनामी तेवढी तिच्या पदरात पडते. पण ऐकणाऱ्या बाईचं काय? तिला एखाद्या गाण्याचं वेड असावं, तिचा एखादा आवडता बँड असावा, हे कुणाच्या मनातही येत नाही. खेदाची गोष्ट ही, की ते आपल्या स्त्री-संघटनांच्याही मनात फारसं येत नाही. माझं भांडण आहे ते इथे.

मी एम.एस.डब्ल्यू. झालेली कार्यकर्ती. बचत गट आणि किशोरी गट हे माझं रोजचं काम. आणि मी मुंबईच्या ‘वाइल्ड वाइल्ड विमेन’ या गटाची चाहती आहे. हे सांगितलं की बैठकीत हसू पिकतं. म्हणून आधी हा गट कोणता ते सांगते.

हा फक्त मुलींचा हिपहॉप गट. क्रांतीनारी, एम.सी. महिला, हॅशटॅग प्रीती, जे क्वीन, प्रतिका ही त्यांची स्टेजवरची नावं. गाणी त्या स्वतः लिहितात. हिंदी, मराठी, तमिळ, कन्नड, इंग्रजी अशा भाषा त्यांच्या गाण्यांत येतात. सिनेमाच्या नायिकेला गाणं हवं म्हणून ही गाणी झालेली नाहीत. ‘उड्डू आझाद’ पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मला सगळ्यात आवडलं ते हे, की इथे कोरस नाही. आपल्या चळवळीच्या गाण्यात सगळ्याजणी एका सुरात म्हणतात. इथे प्रत्येकीचा आवाज निराळा, चाल निराळी, भाषा निराळी. एकीचं संपतं तिथे दुसरी तिच्या पद्धतीनं सुरू करते, आणि तरीही ताल तुटत नाही. एकजूट म्हणजे एकसारखं होणं नव्हे, हे आपण शिबिरात तासभर समजावतो. इथे ते ऐकू येतं.

यातली प्रतिका आधी मेटल बँडमध्ये होती.    तोच गळा इथे ठणकावून बोलतो. बाईचा आवाज म्हणजे मंजुळच, हा समज मोडायला मला व्याख्यान द्यावं लागत नाही, दोन गाणी पुरतात.

आता आक्षेपांकडे वळू. पहिला आक्षेप गावकऱ्यांचा : ही आपली संस्कृती नाही. रॅप १९७० च्या दशकात न्यूयॉर्कच्या ब्राँक्स भागातल्या गरीब, कृष्णवर्णीय आणि लॅटिनो वस्त्यांत वाढलं, हे खरं. पण वरातीत भिंतीएवढे स्पीकर लावून जो डीजे वाजतो, तो कुठल्या संतानं सांगितला? रात्री दहानंतर लाउडस्पीकर लावायचा नाही हा नियम २००० सालापासून आहे. तो मोडताना संस्कृती आठवत नाही. मुलीनं कानात इअरफोन घातला की आठवते.

दुसरा आक्षेप : यात शिव्या असतात. पुरुषांच्या कित्येक रॅपमध्ये बाईच्या देहावरून शिव्या असतात, आणि त्याचा निषेध आपण केलाच पाहिजे. पण त्याचा दंड मुलींनी का भरायचा? आपल्याच तालुक्यातल्या एका महाविद्यालयात, स्नेहसंमेलनात स्वतः लिहिलेलं रॅप म्हणायची एका मुलीची इच्छा होती. तिचा कागद न वाचताच नकार मिळाला. त्याच संध्याकाळी मुलं सिनेमातल्या द्व्यर्थी गाण्यांवर नाचली. २०१९ साली ‘गली बॉय’ सिनेमा आला आणि मुंबईच्या गल्लीतलं रॅप घरोघरी पोचलं. नावातच ‘बॉय’. गल्ली मुलाची, मुलगी दारात.

तिसरा आक्षेप मात्र आपल्या घरचा आहे : यात संदेश काय? ग्रामीण बाईचे प्रश्न पाण्याचे, मजुरीचे, मारझोडीचे. तिला ही शहरी चैन कशाला? मला हाच आक्षेप सर्वांत जास्त खुपतो, कारण तो प्रेमानं घेतला जातो. आधी पाणी, मग गाणी, असं म्हणणाऱ्या आपण कोण? जात्यावर बसलेल्या बाईनं पाण्याची सोय होईपर्यंत ओवी थांबवली नव्हती. हेमा राईरकर आणि गी प्वातव्हाँ यांच्या प्रकल्पात महाराष्ट्रातल्या खेड्यांतून एक लाखाहून अधिक ओव्या गोळा झाल्या. त्यात विठ्ठल आहे, भाऊ आहे, सासुरवास आहे, थट्टाही आहे. त्या बायकांना कुणी संदेश विचारला नव्हता. बाईनं गायचं आणि बाईनंच ऐकायचं, असा तो पहाटेचा मामला होता.

आपली चळवळही एके काळी हे जाणून होती. स्त्री मुक्ती संघटनेचं ‘मुलगी झाली हो’ १९८३ साली आलं आणि गाजलं, ते लोकांना त्यातली गाणी आवडली म्हणूनही. पुढे मात्र आपण गाण्याला शिबिराआधीची पाच मिनिटं करून टाकलं. बायका जमेपर्यंत म्हणायचं, पाहुण्या आल्या की थांबवायचं.

या मुलींच्या गाण्यांबद्दल आणखी एक तक्रार असते : फार ‘मी, मी’ करतात. हो, करतात. रॅपमध्ये स्वतःची फुशारकी मारणं ही रीतच आहे. आपल्या बचत गटाच्या बैठकीत ओळख करून द्यायला सांगा. निम्म्याजणी नवऱ्याचं नाव सांगतात, काहीजणी कुणाची सून ते सांगतात. ज्यांना ‘मी’ म्हणायला बैठकीमागून बैठका लागतात, त्यांच्या मुलींनी तो तालावर म्हणून पाहिला तर आपल्या पोटात का दुखावं? ‘महिला’ हा शब्द आपल्याला अर्जावर आणि एसटीतल्या राखीव सीटवर माहीत. एक मुलगी तो स्वतःचं नाव म्हणून मिरवते, हेच मला मोठं वाटतं.

पण चाहती असणं सोपं नाही. त्याला स्वतःचा मोबाइल लागतो. इथे तो भावाचा असतो. वेळ लागतो. इथे पानमळ्यातून आली की मुलगी चुलीपुढे बसते. प्रत्यक्ष ऐकायचं तर पुणं गाठायचं, सव्वाशे किलोमीटरहून दूर, आणि रात्री परत कशी यायचं? तुकोबांची पालखी निमगाव केतकीत मुक्कामाला येते तेव्हा बायका गावोगाव चालत येतात, उघड्यावर निजतात, अभंग म्हणतात. देवासाठी चालतं. म्हणजे अडचण रात्रीची नाही, परवानगीची आहे.

त्या गटाकडेही माझं मागणं आहे : फक्त मोठ्या शहरांपुरतं राहू नका, तालुक्याला या. आणि आपल्याकडे तीन मागण्या. किशोरी गटाच्या बैठकीत महिन्यातून एकदा अर्धा तास नुसतं गाणं ऐकायचं. गाणं मुलींनी निवडायचं, नंतर चर्चा नाही, बोध नाही. ८ मार्चला गाणाऱ्या मुलींना बोलवायचं, आणि मंत्र्याच्या हारतुऱ्यांवर खर्च करतो त्यातून त्यांना मानधन द्यायचं. चळवळ आहे म्हणून फुकट गा, हे बंद. तिसरं, कार्यक्रम दुपारी ठेवायचा, वाड्यावस्त्यांवरून गाडीची सोय करायची, आणि पुढच्या दहा रांगा बायकांच्या.

मजुरी समान मागतो, जमीन नावावर मागतो, तशी करमणूकही मागू या. हक्क म्हणून मागू या, बक्षीस म्हणून नको.