मसुद्यापुढील वकिली

गेल्या दशकात आपल्या व्यवसायातील कित्येक तरुण, ज्यांची बुद्धी आणि वाणी पाहता उच्च न्यायालयात त्यांनी सहज नाव काढले असते, तंत्रज्ञान-कंपन्यांच्या धोरण व शासनसंपर्क विभागांत रुजू झाले आहेत. पूर्णवेळ पगारी नोकरी पत्करणाऱ्याने बार कौन्सिलला तसे कळवून वकिली थांबवावी, असा कौन्सिलचा ४९ वा नियम असल्यामुळे त्यांची सनद स्थगित होते. आणि ज्येष्ठ मंडळी बार रूममध्ये चहा घेता घेता, 'मंत्रालयाचे खेटे घालणारे' अशी त्यांची संभावना करून मोकळी होतात.

ही अवहेलना आम्हांस मान्य नाही. माहिती तंत्रज्ञान कायद्यात २००८ च्या दुरुस्तीने आलेले ६६-अ हे कलम लोकसभेत चर्चेविना संमत झाले. उपद्रव, गैरसोय, अत्यंत आक्षेपार्ह मजकूर अशी व्याख्येचा पत्ता नसलेली पदे त्यात तशीच राहिली. २०१२ साली एका फेसबुक-मजकुरापायी पालघरच्या दोन तरुणींना अटक झाली, तिला या कलमाचाही आधार घेण्यात आला. आणि श्रेया सिंघल खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने ते घटनाबाह्य ठरवीपर्यंत २०१५ चा मार्च उजाडला. न्यायालयात सहा वर्षांनी जे सिद्ध झाले, ते कोणा चिकित्सक वकिलाला मसुद्याच्या समासात अर्ध्या तासात लिहिता आले असते.

तथापि या वकिलीत प्रतिपक्ष हजर नसतो, ही गोष्ट तिच्या कैवाऱ्यांनीही विसरू नये. दिवाणी दाव्यात कैफियतीची प्रत समोरच्याला द्यावीच लागते. सचिवांच्या मेजावर ठेवलेले टिपण मात्र कोणाच्याही दृष्टीस पडत नाही. दूरसंचार नियामक प्राधिकरण आपल्याकडे आलेले अभिप्राय आणि त्यांवरील प्रत्युत्तरे प्रसिद्ध करते, व इंटरनेटच्या भेदभावपूर्ण दरांना मनाई करणारे फेब्रुवारी २०१६ चे विनियम अशाच उघड वादातून निघाले. उलट नोव्हेंबर २०२२ मध्ये डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण विधेयकाचा मसुदा काढताना, येणाऱ्या सूचना उघड केल्या जाणार नाहीत असे खात्याने आधीच सांगून टाकले. पुढच्या वर्षी कायदा झाला, आणि त्यातील कोणत्या सवलतीमागे कोणाचा आग्रह होता हे दप्तरातच राहिले. अमेरिकेत १९९५ च्या कायद्यान्वये अशा मध्यस्थांना आपले नाव, पक्षकार आणि मेहनताना नोंदवावा लागतो. आपल्याकडे तशी नोंदवहीच नाही, आणि ती नाही म्हणून कोणाची झोपमोड झाल्याचेही ऐकिवात नाही.

सरकार प्रसिद्ध करीत नाही म्हणून लिहिणाऱ्याने करू नये, असा मात्र कोणताही नियम नाही. धोरणक्षेत्रातील वकील-बंधुभगिनींनी खात्यांना दिलेली निवेदने आमच्याकडे धाडावीत. व्यापारी गुपिते वगळून, पण पक्षकाराच्या नावासह, ती या मासिकात अविकल छापली जातील, आणि त्यांवरील प्रतिवादालाही तितकीच जागा मिळेल.