वाऱ्याला विचारून शेगडी पेटवा

माझा भाचा मस्कतला असतो. मे महिन्यात सुट्टी काढून तो नाशिक रोडला येतो, तेव्हा दरवर्षी एखादं नवं वेड बरोबर घेऊन येतो. गेल्या वर्षी आलं ते बार्बेक्यूचं. तिकडे सुट्टीच्या दिवशी मित्रमंडळी मोटारबोट काढतात, किनाऱ्यापासून थोडं आत नांगर टाकतात आणि बोटीच्या कठड्याला अडकवलेल्या शेगडीवर मासे भाजतात, असं त्याने इतकं रंगवून सांगितलं की ऐकणाऱ्याच्या तोंडाला पाणी सुटावं. ‘मामा, आपल्याकडे धरणं आहेत, होड्या आहेत. मग आपण का नाही?’ प्रश्न बिनतोड होता. त्याने घरबसल्या एक शेगडी मागवली. पत्र्याचा उथळ ट्रे, चार बारीक पाय आणि वर जाळी. झाकण नव्हतं. एका रविवारी दुपारी आम्ही घरची सात माणसं एका धरणाच्या फुगवट्यावर होडीत जाऊन बसलो.

होडीवाल्याने शेगडी पाहिली आणि एवढंच म्हणाला, ‘काका, वारा सुटायची वेळ झाली. विस्तव काठावरच करा.’ आम्ही हसलो. भाच्याने त्याला मस्कतच्या बोटींची माहिती दिली. त्याने ऐकून घेतली आणि तो वल्हं मारू लागला.

नाशिककडे उन्हाळ्यात दुपार कलली की पश्चिमेचा वारा सुटतो. जमिनीवर त्याला झाडं, घरं, टेकाडं आडवी येतात. पाण्यावर आडवं काही नसतं. ताडपत्रीच्या सावलीखाली, होडीच्या मधल्या फळीवर आम्ही शेगडी मांडली. कोळसा धरेना म्हणून वर्तमानपत्राची घडी घेऊन वारा घालायला मी स्वतः बसलो. कोळसा धरला आणि त्याच वेळी वाऱ्याचा पहिला मोठा झोत आला. ठिणग्या उडाल्या. एक माझ्या नातीच्या नायलॉनच्या बाहीवर पडली. नायलॉन नुसतं जळत नाही, वितळतं आणि कातडीला चिकटतं, हे मला त्या दिवशी कळलं. होडीवाल्याने वल्ह्याच्या एका फटक्यात शेगडी कोंबडीसकट पाण्यात ढकलली. फस्स असा आवाज झाला आणि आमचा बार्बेक्यू संपला. नातीच्या दंडावर रुपयाएवढा डाग आहे. तो जाईल असं डॉक्टर म्हणतात. पण त्या निखाऱ्याला वारा घालणारा हात माझा होता, हे माझ्या मनातून जात नाही.

त्यानंतर या विषयाचा मी जरा नादच घेतला. वाचलं, चार माणसांशी बोललो. प्रेसमधून निवृत्त झालेल्या माणसाला वेळ असतोच. आणि लक्षात आलं की यातलं बहुतेक शहाणपण आमच्याच गल्लीत पडलेलं होतं.

हुरड्याचं उदाहरण घ्या. थंडीत शेतावर हुरडा भाजतात तो आगटीत. जमिनीत खड्डा घ्यायचा, त्यात गोवऱ्यांचा विस्तव करायचा आणि कणसं आरावर धरायची. तो खड्डा कशासाठी असतो? वारा वरून जावा, निखाऱ्याला आडवा लागू नये, यासाठी. आमच्या कॉलनीतल्या परिटाकडे आता-आतापर्यंत कोळशाची इस्त्री होती. आत रसरसते निखारे, खालच्या बाजूला हवेची भोकं, वर घट्ट झाकण आणि झाकणाला कडी. हा माणूस रस्त्याच्या कडेला, भर वाऱ्यात, लोकांच्या रेशमी साड्यांवरून विस्तव फिरवत होता, आणि इतक्या वर्षांत एक ठिणगी बाहेर पडलेली मी पाहिली नाही. निखाऱ्याला हवा हवी, पण ती खालून आणि बेताची. वारा हवा तेव्हा आत घेता आला पाहिजे आणि नको तेव्हा कोंडता आला पाहिजे. होडीत खड्डा खणता येत नाही. म्हणून खड्डाच बरोबर न्यावा लागतो आणि त्यावर इस्त्रीसारखं झाकण लागतं. बोटीवरची शेगडी कशी निवडावी, याचं निम्मं उत्तर इथेच मिळतं.

गंमत म्हणजे अमेरिकेतही हे उत्तर एका वैतागलेल्या माणसालाच सापडलं. शिकागोच्या ‘वेबर ब्रदर्स मेटल वर्क्स’मध्ये जॉर्ज स्टीफन नावाचे गृहस्थ काम करत. उघड्या शेगडीवर भाजताना वारा, राख आणि पाऊस यांनी ते त्रासून गेले होते. कारखान्यात पाण्यावर तरंगणारे बोये तयार होत. १९५२ साली त्यांनी बोयाच्या धातूच्या गोळ्याचे दोन भाग घेतले. एकाची झाली शेगडी, दुसऱ्याचं झाकण. त्याला हवेची भोकं पाडली आणि पाय लावले. आज जगभर दिसणारी किटलीच्या आकाराची गोल शेगडी ती हीच. पाण्यावरच्या बोयातून निघालेली ही वस्तू आहे आणि तिचा जन्म वाऱ्याच्या त्रासातून झाला आहे. आम्ही होडीत नेली ती नेमकी त्या आधीची, उघडी शेगडी.

आता कोळसा की गॅस? दोघांच्या खोडी वेगळ्या आहेत. वाऱ्याने कोळसा भडकतो आणि गॅसची ज्योत विझते. भडकलेल्या कोळशावर मांस बाहेरून काळं होतं आणि आतून कच्चं राहतं. कोंबडीच्या तुकड्याच्या गाभ्यात ७४ अंश सेल्सिअस उष्णता पोचली पाहिजे, नाहीतर ती कच्चीच समजावी. वाऱ्यात रंगावर भरवसा ठेवता येत नाही. दुसरी गोष्ट, जळता कोळसा कार्बन मोनॉक्साइड सोडतो. त्याला रंग नाही, वास नाही. बंद केबिनमध्ये किंवा चारी बाजूंनी ताडपत्री सोडलेल्या होडीत माणूस झोप आल्यासारखा कलंडतो आणि उठत नाही. म्हणजे वारा लागतो म्हणून शेगडी आत नेणं हा उपाय नव्हे. तो जिवावर बेतणारा आहे.

गॅस वरवर सोयीचा वाटतो. राख नाही, ठिणगी नाही. पण स्वयंपाकाचा गॅस हवेपेक्षा दीड ते दोनपट जड असतो. घरात ज्योत विझली तर तो जमिनीलगत पसरून दाराच्या फटीतून बाहेर पडण्याची थोडी तरी आशा असते. होडीचा तळ म्हणजे परात. त्यात गॅस साचून राहतो, आणि हवेत शेकडा दोन भाग झाला तरी एका ठिणगीवर पेट घेतो. म्हणून गॅसची शेगडी घ्यायची तर ज्योत विझताच पुरवठा आपोआप बंद करणारी घ्यावी. ज्योतीभोवती वाऱ्याचा आडोसा असावा. सिलिंडर तळाशी न ठेवता उघड्या कडेला असा ठेवावा, की गळती झाली तर गॅस होडीत न उतरता बाहेर जाईल.

दोन्हींत निवड करताना बाकीच्या गोष्टी सारख्याच. आकार लहान, बूड जड, झाकणाला कडी. जाळी पक्की बसणारी हवी, कारण होडी डुलते. ठिबकणाऱ्या चरबीसाठी खाली खोल थाळी हवी. शेगडी नुसती ठेवलेली नसावी, कठड्याला किंवा फळीला जखडलेली असावी. पत्रा गंजतो, म्हणून दोन पैसे जास्त गेले तरी स्टेनलेस स्टील बरं. घरून अर्धवट शिजवून नेलं तर विस्तव कमी वेळ लागतो. आमच्याकडच्या भरताच्या वांग्याला तर झाकणाची शेगडी फारच मानवते, हे मी नंतर अंगणात करून पाहिलं आहे.

आणि जागा? नाळेला, म्हणजे पुढच्या टोकाला, नांगर टाकला की होडी वाऱ्याकडे तोंड करून उभी राहते. मग धूर, ठिणग्या, सगळं मागे जातं. म्हणून मोठ्या बोटींवर शेगडी मागच्या कठड्याला, पाण्याच्या बाजूला लावतात. माणसं वाऱ्याच्या अंगाला, विस्तव त्यांच्या पलीकडे. होडी चालू असताना पेटवायचं नाही, कारण चालत्या होडीला स्वतःचाही वारा असतो. पण आपल्या धरणांवरच्या लहान मोटारहोडीचं इंजिन आणि पेट्रोलची टाकी बहुधा त्याच मागच्या टोकाला असते. पेट्रोलची वाफही जड, तीही तळाला बसते. म्हणजे पुढे पेटवलं तर ठिणगी माणसांवर आणि मागे पेटवलं तर पेट्रोलवर. मध्ये पेटवलं तर काय होतं, ते मी वर सांगितलंच आहे.

हे सगळं मांडून झाल्यावर माझं मत स्पष्ट आहे. ज्याची स्वतःची मोठी बोट आहे, मागे उघडी जागा आहे, जखडलेली झाकणाची शेगडी आहे आणि हाताशी अग्निशामक नळकांडं आहे, त्याने खुशाल भाजावं. भाड्याच्या लहान होडीत मात्र कुठलीही, कितीही महागाची शेगडी पेटवू नये. होडी भाड्याने देणाऱ्यांनीही गिऱ्हाईक नाराज होईल म्हणून गप्प बसू नये. आमचा होडीवाला बोलला, पण एकदाच बोलला. दुसऱ्यांदा बोलण्याचा अधिकार त्याला आम्ही ठेवला नव्हता.

शिवाय पाण्याचाही विचार आहे. गंगापूर धरणाचं पाणी नाशिककर पितात. नाशिक रोडच्या नळाला दारणेचंही पाणी येतं. आमच्या शेगडीतली राख, तेल आणि मसाला ज्या पाण्यात गेला, तसलंच पाणी कुणाच्या तरी माठात भरलं जातं. काठावर पेटवलं तरी राख डब्यात भिजवून घरी आणली पाहिजे.

यंदा भाचा परत आला. शेगडी नवी आहे, झाकणाची. आम्ही त्याच फुगवट्यावर गेलो, तोच होडीवाला शोधून काढला. शेगडी कुठे मांडायची ते त्यालाच विचारलं. त्याने चिमूटभर माती बोटांतून सोडून पाहिली आणि काठावर एका खडकाची आड दाखवली. तिथे वांगी भाजली, मासे भाजले, डबे भरले आणि मग होडीत बसून पाण्याच्या मध्यावर जेवलो. वारा होताच. नातीची ओढणी फडफडत होती, आणि या वेळी तो छान वाटत होता.