गोठ्यातल्या बैलाला लस, मग दारातल्या कुत्र्याला का नाही?

जळगाव/धुळे : लाळ्या-खुरकुताची लस आली की गावात सगळ्यांना खबर असते. लम्पी आला तेव्हाही शेतकऱ्यांनी गाई-बैलांना लस टोचून घेतली. पण त्याच गोठ्याच्या दारात बसणारं कुत्रं आणि चुलीजवळ फिरणारी मांजर या हिशेबात कुठेच नसतात. खरी गडबड इथेच आहे.

रेबीजची लक्षणं एकदा दिसली की माणूस जवळपास वाचतच नाही. माणसांना होणाऱ्या रेबीजपैकी तब्बल ९९ टक्के कुत्र्यांमुळे होतो, असं जागतिक आरोग्य संघटना सांगते. एखाद्या भागातल्या किमान ७० टक्के कुत्र्यांना लस दिली, तर रोगाची साखळी तुटते. म्हणजे गावात १०० कुत्री असतील तर ७० ना लस हवी.

कुत्रं नेमकं कोणाचं?

२०२५ मध्ये भटक्या कुत्र्यांचा विषय सुप्रीम कोर्टात गाजला. चर्चा झाली ती दिल्लीची आणि शहरांची. खेड्यातलं चित्र वेगळं आहे. रावेर-यावलच्या केळीच्या बागेत, साक्री-शिरपूरच्या मळ्यात राखणीला असलेलं कुत्रं भाकरी एका घरची खातं, फिरतं मात्र गावभर. राखण करतं तोवर ते 'आपलं', कोणाला चावलं की 'कोणाचंच नाही'. २०२३ च्या प्राणी जन्म नियंत्रण नियमांनुसार पाळीव जनावराच्या लसीकरणाची जबाबदारी मालकाची आहे. मोकाट कुत्र्यांची जबाबदारी स्थानिक संस्थेची, आणि त्यात ग्रामपंचायतही येते.

नुकसान फक्त माणसाचं नाही

पिसाळलेलं कुत्रं गाय, म्हैस, बैलालाही चावतं. जनावराला रेबीज झाला की तेही हातचं जातं. ऐन हंगामात बैल गेला तर घराचं गणितच कोलमडतं. त्यापुढे कुत्र्याच्या लसीचा खर्च किरकोळ आहे.

पिल्लू तीन महिन्यांचं झालं की पहिली लस, मग डॉक्टर सांगतील तेव्हा बूस्टर आणि पुढे दरवर्षी एक. मांजरालाही हेच लागू. तालुक्याच्या पशुवैद्यकीय दवाखान्यात चौकशी करावी आणि लसीचं कार्ड जपून ठेवावं.

चावलंच तर?

जखम वाहत्या पाण्याखाली साबणाने १५ मिनिटं धुवावी. हळद, चुना, मिरची लावू नये. लगेच सरकारी दवाखाना गाठावा आणि इंजेक्शनचा कोर्स पूर्ण करावा. जखम खोल असेल तर डॉक्टर इम्युनोग्लोब्युलिनही देतात. कुत्र्याला लस दिलेली आहे म्हणून घरी बसू नये. मांजराचा ओरखडाही हलक्यात घेऊ नये.

२८ सप्टेंबरला जागतिक रेबीज दिन असतो आणि २ ऑक्टोबरला ग्रामसभा. त्या सभेत रस्ते-गटारींसोबत कुत्र्या-मांजरांच्या लसीकरण शिबिराचा विषयही घेता येईल. देशाने २०३० पर्यंत कुत्र्यांमुळे होणारे रेबीजचे मृत्यू संपवायचं ठरवलं आहे. कागदावरचं हे उद्दिष्ट गावात उतरायचं असेल, तर सुरुवात दारातल्या कुत्र्यापासूनच करावी लागेल.