गृहरक्षक : स्वयंसेवक कीं स्वस्त चाकर ?

जातीय दंगलींपुढें पोलिसबळ अपुरें पडूं लागलें, तेव्हां ६ डिसेंबर १९४६ रोजीं मुंबई प्रांताचे तत्कालीन गृहमंत्री मोरारजी देसाई यांनीं गृहरक्षक दल उभें केलें. १९४७ सालीं त्यास कायद्याचें अधिष्ठान मिळालें. वर महासमादेशक, जिल्ह्यांत समादेशक, आणि खालीं आपला धंदा संभाळून हांकेस धांवणारे नागरिक, ही योजना थोर होती, हें आम्ही मुक्तकंठानें कबूल करतों.

परंतु कामावर बोलाविलेल्या गृहरक्षकास कायदा पोलिसाचेच अधिकार देतो, म्हणजे जोखीमही पोलिसाचीच. आणि मोबदला काय, तर त्या दिवसापुरता भत्ता! विसर्जनाच्या रात्रीं आमच्या व्यापारी बंधूंच्या पेढ्यांसमोर गर्दी आवरणारा हा मनुष्य दुसरे दिवशीं सरकारचा कोणी नसतो.

सर्वोच्च न्यायालयानें २०१५ सालीं हिमाचल प्रदेशाच्या खटल्यांत गृहरक्षकांचा कायम नोकरीचा दावा मान्य केला नाहीं. पण तीस दिवसांचा भत्ता पोलिसाच्या किमान वेतनाइतका भरला पाहिजे, असें ठरविलें. आतां दर वाढवून दिवसच तोडावे, असें कोणा हिशेबनिसास सुचल्यास निवाड्याचें अक्षर राहील, अर्थ जाईल. म्हणून वर्षाकाठीं निदान किती दिवस काम मिळेल, हें सरकारनें नियमांतच लिहून द्यावें, अशी आमची मागणी आहे.