अवघड गणितावर हक्क कोणाचा?

ऑगस्ट २०२५ मध्ये विद्यापीठ अनुदान आयोगाने पदवीच्या गणित अभ्यासक्रमाचा मसुदा प्रसिद्ध केला, आणि नऊशेहून अधिक गणितज्ञांनी व संशोधकांनी तो मागे घेण्याची मागणी केली. बीजगणित व विश्लेषण यांचा पाया त्यात कच्चा राहतो, संख्याशास्त्र व संगणन यांना योग्य स्थान नाही, उलट प्राचीन भारतीय गणिताच्या ऐच्छिक विषयांची गर्दी झाली आहे, असे त्यांचे आक्षेप होते. ते मला मान्य आहेत. परंतु मसुदा निर्दोष असता, तरी तो तालुक्याच्या महाविद्यालयातील मुलीपर्यंत कोणत्या रूपात पोचला असता, हा प्रश्न मला अधिक मोलाचा वाटतो.

मी अर्थशास्त्राचा माणूस. लिओन्तिएफचे आदान-प्रदान कोष्टक मी वर्षानुवर्षे शिकवले. मॅट्रिक्सचा व्यस्त काढण्याची कृती फळ्यावर बिनचूक करीत असे. एकदा एका विद्यार्थ्याने विचारले, "सर, हा व्यस्त नेहमी असतोच कशावरून? आणि त्यात उणे आकडे का येत नाहीत?" मी म्हणालो, "ते परीक्षेला नाही." वास्तविक हॉकिन्स आणि सायमन यांनी १९४९ सालीच त्याचे उत्तर दिले होते, आणि ते शुद्ध अर्थशास्त्रीय आहे: एक टन पोलाद निर्माण करण्यासाठी प्रत्यक्ष-अप्रत्यक्षपणे खर्ची पडणारे पोलाद एक टनापेक्षा कमी असले पाहिजे. मला ते ठाऊक नव्हते, कारण माझ्याही शिक्षकांनी मला कृतीच शिकवली होती. ते वाक्य मला आजही खुपते.

आज देशात प्रगत गणिताच्या दोन दुनिया आहेत. चेन्नई मॅथेमॅटिकल इन्स्टिट्यूटने १९९८ साली पदवीवर्ग सुरू केला. भारतीय सांख्यिकी संस्था आहे, पुण्याची आयसर २००६ पासून आहे. तेथे विद्यार्थी स्वतः सिद्धता रचतो, कोणीतरी ती तपासतो, चूक दाखवून परत देतो. या संस्था हव्यातच. दुसऱ्या दुनियेत ग्रुप, रिंग, मेट्रिक अवकाश ही नावे तीच असतात. पण प्रमेय पाठ करायचे असते आणि शिकवणारा तासिका तत्त्वावर नेमलेला असतो. तासामागे मानधन घेऊन दोन महाविद्यालयांत धावपळ करणाऱ्या माणसाने साठ मुलांच्या सिद्धता केव्हा तपासायच्या? वरच्यांना शिकवा, ज्ञान आपोआप खाली झिरपेल, या सरकारी समजुतीवर महात्मा फुल्यांनी १८८२ साली हंटर आयोगापुढे प्रहार केला होता. ती समजूत मेलेली नाही, तिने केवळ कपडे बदलले आहेत.

यावर दोन उपाय हमखास सुचवले जातात: ग्रामीण मुलांसाठी अभ्यासक्रम सोपा व 'उपयोजित' करा, किंवा त्यांना उजळणीचे जादा वर्ग द्या. दोन्हींत मुलांच्या कुवतीविषयीचा अविश्वास दडलेला आहे. १९७० च्या दशकात बर्कले येथील कॅलिफोर्निया विद्यापीठात कृष्णवर्णीय विद्यार्थी कलनशास्त्रात मोठ्या संख्येने अपयशी ठरत. प्राध्यापकमंडळी त्यांच्या घरच्या परिस्थितीला, पूर्वतयारीला, जिद्दीच्या अभावाला दोष देत. युरी ट्राइसमन यांनी त्यांच्याबरोबर वावरून पाहिले, तेव्हा दिसले ते निराळेच. ही मुले कष्टाळू होती, पण एकएकटी अभ्यास करीत. चिनी वंशाची मुले मात्र एकत्र बसून एकमेकांच्या चुका काढत. ट्राइसमन यांनी उजळणी घेतली नाही. त्यांनी गट बसवले आणि त्यांच्यापुढे नेहमीपेक्षा अवघड उदाहरणे ठेवली. निकाल पालटला. सहकाराची महती सांगणाऱ्या आपल्या चळवळीला हे अमेरिकेकडून ऐकावे लागावे, याची मला गंमत वाटते!

आपल्याकडेही दाखला आहे. १९९३ साली प्रा. कुमरेसन यांनी एमटीटीएस हे चार आठवड्यांचे उन्हाळी प्रशिक्षण सुरू केले. राष्ट्रीय उच्च गणित मंडळाचे त्याला साहाय्य लाभले. तेथे शिक्षक व्याख्यान झोडत नाही. तो प्रश्न विचारीत राहतो आणि सिद्धता मुलांच्या तोंडून वदवून घेतो. साध्या महाविद्यालयांतली मुलेही तेथे विचार करू लागतात. पण उन्हाळ्याचे चार आठवडे आणि मोजक्या जागा, एवढ्यावर एका देशाचे गणित कसे उभे राहणार?

म्हणून मागणी नेमकी हवी. गणिताच्या रिक्त जागा कायमस्वरूपी भरा. आठवड्यातून एक दीर्घ उदाहरणसत्र वेळापत्रकात घाला आणि ते शिक्षकाच्या कार्यभारात मोजा. मोजले नाही तर ते होणार नाही, हे नोकरी केलेला कोणीही सांगेल. त्या सत्रात मुलांना मराठीत वाद घालू द्या, संज्ञा इंग्रजी राहिल्या तरी बिघडत नाही. संभाव्यता, संख्याशास्त्र, संगणन यांची दारे उघडा, पण विश्लेषणाला पर्याय म्हणून नव्हे, त्याच्या जोडीला. आणि प्रश्नपत्रिकेत निदान एक प्रश्न असा असावा, ज्याचे उत्तर कोणत्याही गाइडात सापडणार नाही.

अधिसभेच्या निवडणुका आपण लढवतो, महाविद्यालय विकास समित्यांवर आपली माणसे असतात. तेथे आपण शुल्कवाढीवर बोलतो, वसतिगृहांवर बोलतो, आणि ते योग्यच आहे. गणिताचा तास मात्र आपण तज्ज्ञांवर सोपवून मोकळे होतो. पुढच्या बैठकीत एवढे तरी विचारा: आपल्या महाविद्यालयात गणित शिकवणाऱ्यांपैकी किती जण तासिका तत्त्वावर आहेत, आणि मुलांनी लिहिलेली सिद्धता शेवटची कोणी, केव्हा तपासली?