चूल दिली, धुराडे कोणी झाडायचे?



सरकारने 1983 साली सुधारित चुलींचा राष्ट्रीय कार्यक्रम काढला, 2002 साली गुंडाळला. मोजल्या त्या बसवलेल्या चुली, पेटत्या नव्हेत. शेवगाव-पाथर्डीकडे जळण म्हणजे पऱ्हाटी आणि ज्वारीची धसकटे. ओली पऱ्हाटी घातली की पाइपात काजळी धरते, धूर माघारी घरात फिरतो. आमच्या घरी हेच झाले, आणि बोल लागला बाईला!

राख रोज काढावी. चूल गार झाल्यावर काठीला गोणपाट बांधून पाइप आतून झाडावा. पण पत्र्यावर चढायचे कोणी? हे काम बापयांचे. 2016 साली उज्ज्वलाचा सिलिंडर आला. तो भरायला रोकड लागते, पऱ्हाटी रानातच पडलेली असते. पुढच्या बैठकीला निघण्याआधी प्रत्येकाने आपले धुराडे झाडून यावे.